नेब्रास्काचा ६०–३ चा काळ: फ्रेझर पहिला का, आणि त्याच्यामागे कोण

प्रश्न असा आहे: नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९९३ ते १९९७ या पाच हंगामांत ६० सामने जिंकले आणि फक्त ३ गमावले. त्या काळातले सर्वोत्तम दहा खेळाडू क्रमाने कोणते? आणि क्वार्टरबॅक (प्रत्येक खेळीत बॉल आधी ज्याच्या हाती येतो तो) टॉमी फ्रेझरला सगळे डोळे झाकून पहिला नंबर देतात. पण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या एकाही संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं नाही, मग तो खरंच पहिला कसा?

पहिला तोच. पण डोळे झाकून नाही, आणि त्याच्यामागची माझी यादी बहुतेकांच्या यादीपेक्षा वेगळी आहे.

मी कुठे उभा राहून बोलतोय ते आधी सांगतो. १९९३ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून नेब्रास्का विद्यापीठाच्या गावी, लिंकनला, एम.एस. करायला आलो. कबड्डी खेळून आलेला मुलगा. अमेरिकन फुटबॉलचा ओ की ठो माहीत नव्हता. पहिल्याच शनिवारी वसतिगृह रिकामं झालं, म्हणून गर्दीमागे चालत गेलो आणि मेमोरियल स्टेडियमच्या विद्यार्थ्यांच्या भागात जाऊन उभा राहिलो. तिथून सुटका झालीच नाही. पुढे ओमाहातल्या एका हायस्कूलच्या संघाला मी अठरा वर्षं ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बॉल नेणाऱ्याला वाट काढून देणारी पाचजणांची आघाडी, शिकवली. त्या पाच हंगामांच्या टेपा मुलांना दाखवायला म्हणून मागे-पुढे करत इतक्या वेळा पाहिल्यात की काही खेळ्या डोळे मिटूनही दिसतात. त्यामुळे माझा कल लाइनच्या खेळाडूंकडे आहे, हे मान्य करून पुढे वाचा.

हा काळ समजायला आधीची कोंडी माहीत हवी. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न १९७३ पासून संघाचे प्रमुख होते. दर वर्षी नऊ-दहा सामने जिंकायचे, पण राष्ट्रीय विजेतेपद हाताला लागत नव्हतं. १९८७ च्या हंगामापासून तर वर्षअखेरचे सलग सात बाउल सामने संघ हरला, आणि त्यातले बहुतेक फ्लोरिडातल्या वेगवान संघांविरुद्ध, म्हणजे मायामी आणि फ्लोरिडा स्टेटकडून. नेब्रास्काची पोरं ताकदीची, पण मैदानाच्या कडेला पोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. ऑस्बोर्न आणि बचावाचे प्रशिक्षक चार्ली मॅकब्राइड यांनी मग बचावाची मांडणीच बदलली. पुढे चार लाइनमन, त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर. आणि सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागचे राखणदार, म्हणून आलेल्या चपळ मुलांना पुढे आणून लाइनबॅकर केलं, लाइनबॅकरना कडेला एंड म्हणून उभं केलं. वजन गेलं, वेग आला. १९९३ चा संघ हा त्या बदलाचा पहिला मोठा परिणाम.

आता क्रम कसा लावायचा? एनएफएलमधली कारकीर्द मी पूर्ण बाजूला ठेवतो. विद्यापीठाचा खेळ आणि व्यावसायिक खेळ यांत नियम जवळपास सारखे असले तरी धंदा वेगळा. विल शील्ड्स हा नेब्रास्काच्या लाइनमधला गार्ड प्रो बाउल या एनएफएलच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी बारा वेळा निवडला गेला, व्यावसायिक हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण त्याचा विद्यापीठातला शेवटचा हंगाम १९९२ चा, म्हणून तो या यादीत येऊच शकत नाही. उलट फ्रेझरला १९९४ मध्ये पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. त्याच्या तब्येतीबद्दलची ती शंका ड्राफ्टच्या वेळी संघांच्या मनात होतीच, शिवाय ऑप्शन (ही चाल पुढे सांगतो) खेळवणाऱ्या क्वार्टरबॅकला तेव्हा एनएफएलमध्ये जागाच नव्हती. तो कॅनडात मॉन्ट्रियलकडून थोडा काळ खेळला आणि थांबला. यातून त्याच्या शनिवारच्या खेळाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आकडेही मी जपून वापरतो. १९९५ च्या संघाने सामन्यामागे सरासरी ५३.२ गुण केले आणि जवळपास ४०० यार्ड धावून काढले. असं असताना मुख्य खेळाडू चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्येच बाकावर जाऊन बसायचे. आकडे फुगलेले नाहीत, कापलेले आहेत, आणि प्रत्येकाचे सारखे कापलेले नाहीत.

म्हणून मी एकच कसोटी लावतो: हा खेळाडू नसता तर काय झालं असतं? इतर संघांबाबत हा प्रश्न हवेत राहतो. नेब्रास्काबाबत मात्र त्याचं उत्तर मैदानावरच मिळालेलं आहे, कारण त्या पाच वर्षांत जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा खेळाडू कधी ना कधी संघाबाहेर गेला आणि त्याच्याशिवाय संघ कसा खेळला ते आपण पाहिलं.

ही कसोटी सगळ्यात आधी फ्रेझरवरच उलटते. १९९४ मध्ये चार सामन्यांनंतर तो बाहेर गेला. ब्रुक बेरिंजर आला, तर त्याचं फुफ्फुस अंशतः बसलं. मग वाहू नावाच्या गावातल्या शाळेतून आलेला, शिष्यवृत्ती नसलेला मॅट टर्मन कॅन्सस स्टेटविरुद्ध सुरुवातीला उतरला. संघ तोही सामना १७–६ असा जिंकला आणि अखेरीस अख्खा हंगाम, १३–०. म्हणजे क्वार्टरबॅक कोणीही चालला असता, असं म्हणणारे लोक मला आजही भेटतात.

त्यांना मी दोन टेपा दाखवतो. पहिली १ जानेवारी १९९५ ची, मायामीतला ऑरेंज बाउल. चौथा क्वार्टर सुरू झाला तेव्हा नेब्रास्का १७–९ ने मागे होतं. बेरिंजरने सामना धरून ठेवला होता, पण मायामीची बचावफळी, त्यात वॉरन सॅप, पासची वाट पाहत सरळ पुढे घुसत होती. ऑस्बोर्ननी फ्रेझरला पुन्हा आत पाठवलं. त्या दिवसाआधी तीन महिने सामना न खेळलेला मुलगा. पण तो उभा राहताच मायामीच्या कडेच्या खेळाडूंना जागेवर थांबावं लागलं, कारण हा बाहेरून पळू शकतो. कड थांबली की मध्य मोकळा होतो. फुलबॅक कोरी श्लेसिंगर मधूनच दोनदा गेला, १५ यार्ड आणि १४ यार्ड, दोन्ही वेळा बॉल शेवटच्या रेषेपलीकडे, म्हणजे दोन टचडाउन. २४–१७. ऑस्बोर्न यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, बाविसाव्या हंगामात. फ्रेझरने त्या क्वार्टरमध्ये नजरेत भरावं असं फार काही केलं नाही, आणि तरी तोच सामना त्याने फिरवला.

दुसरी टेप २१ सप्टेंबर १९९६ ची. फ्रेझर पदवी घेऊन गेलेला, संघ सलग २६ सामने जिंकलेला. ॲरिझोना स्टेटने १९–० असं हरवलं. शून्य! आधीच्या जानेवारीत त्याच मैदानावर फ्लोरिडाला ६२ गुण मारणारा संघ. लाइन चांगलीच होती, मागे बॉल घेऊन पळायला रनिंग बॅक ॲहमन ग्रीन होता, आणि तरी एक गुण नाही. उलट तीन सेफ्टी दिल्या (इथे सेफ्टी म्हणजे खेळाडू नव्हे; आपल्याच शेवटच्या पट्ट्यात अडकून समोरच्याला दिलेले दोन गुण).

हे का होतं ते कबड्डी खेळलेल्या माणसाला पटकन समजेल. चढाईपटू कोपऱ्यातल्या गड्याला खेळवतो. पाय पुढे टाकतो, तो पकडीला आला की त्याच्या मागची जागा मोकळी, नाही आला की बोनस घेऊन परत. ऑप्शनमध्ये आक्रमण मुद्दाम बचावाच्या कडेच्या एका खेळाडूला ब्लॉकच करत नाही, मोकळा सोडतं. क्वार्टरबॅक बॉल घेऊन थेट त्याच्या अंगावर पळतो. तो क्वार्टरबॅकवर आला तर बॉल बाजूच्या रनिंग बॅककडे फेकायचा. तो रनिंग बॅककडे वळला तर स्वतःच आत घुसायचं. निर्णयाला अर्धा सेकंदसुद्धा नसतो, आणि योग्य निर्णय घेतला तरी बहुतेकदा मार बसतोच. फ्रेझरचं वेगळेपण असं की तो त्या कडेच्या खेळाडूला निर्णय घ्यायला भाग पाडायचा. बाकीचे क्वार्टरबॅक त्याच्या निर्णयाची वाट पाहायचे. टेप हळू चालवा, दिसेल: तो शेवटच्या दोन पावलांत वेग वाढवायचा, नेमका जिथे बाकीचे कमी करतात तिथे.

२ जानेवारी १९९६ चा फिएस्टा बाउल सगळ्यांना पाठ आहे. टेम्पी, फ्लोरिडाविरुद्ध ६२–२४, त्यात तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरची फ्रेझरची ७५ यार्डांची धाव, अर्धा डझन हात अंगावरून झटकून. त्या दिवशी त्याने १६ धावांत १९९ यार्ड काढले. मी ती धाव मुलांना शिकवायला वापरत नाही, कारण ती शिकवता येत नाही. त्याच सामन्यात नेब्रास्काने एकूण ५२४ यार्ड धावून काढले आणि फ्लोरिडाचे धावण्याचे यार्ड शून्याच्याही खाली गेले. शिकण्यासारखं तिथे आहे. पण मुद्दा असा की फ्रेझर सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत संघ ३३ जिंकला आणि ३ हरला, आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या तीन सामन्यांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यातला एक, जानेवारी १९९४ चा फ्लोरिडा स्टेटविरुद्धचा ऑरेंज बाउल, संघ १८–१६ असा हरला होता. तिथे दोन्ही बाजूंचा एकेक सर्वोत्तम खेळाडू निवडला, नेब्रास्काकडून तो. १९९५ ची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे विद्यापीठांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, ओहायो स्टेटच्या एडी जॉर्जला गेली, फ्रेझर दुसरा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

दुसरा क्रमांक मी ग्रँट विस्ट्रमला देतो. मिझुरीतल्या वेब सिटीचा, जर्सी ९८, बचावाचा कडेचा खेळाडू. १९९४ मध्ये पहिल्याच वर्षी खेळायला लागला आणि त्याच्या चार वर्षांत संघ ४९ जिंकला, २ हरला. दोनदा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, आणि १९९७ ची लोंबार्डी ट्रॉफी, पुढच्या फळीतल्या सर्वोत्तम खेळाडूची. पण मला तो वर लागतो तो एका साध्या कारणासाठी: खेळी त्याच्यापासून लांबच्या बाजूला गेली तरी तो पोचायचा. बहुतेक एंड बॉल पलीकडे गेला की दोन पावलं टाकून थांबतात, आणि त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. विस्ट्रम मागून धावत जाऊन माणूस पाडायचा. माझ्या शाळेतल्या मुलांना मी ‘विस्ट्रम करा’ एवढंच म्हणायचो, आणि नंतरच्या पिढीला तो कोण हेही माहीत नव्हतं, पण काय करायचं ते कळायचं. १९९६ नंतर तो आणि जेसन पीटर दोघेही एनएफएलला जाऊ शकले असते. दोघांनी एकत्र ठरवून शेवटचं वर्ष इथेच काढलं. १९९७ चं विजेतेपद मला त्या निर्णयाशिवाय दिसत नाही.

तिसरा झॅक विगर्ट, आणि इथे मला थोडं थांबायचंय.

विगर्ट ओमाहाजवळच्या फ्रीमाँटचा, ऑफेन्सिव्ह टॅकल म्हणजे लाइनच्या टोकाचा, जर्सी ७२. १९९४ ची आउटलंड ट्रॉफी, म्हणजे देशातला सर्वोत्तम लाइनमन. त्या वर्षीची लाइन अशी: विगर्ट, ब्रेंडन स्टाय, ॲरन ग्रॅहम, जोएल विल्क्स आणि रॉब झटेचका. हे पाचजण आणि त्यांचे प्रशिक्षक मिल्ट टेनोपिर यांच्याकडून मी जे शिकलो ते पोटापाण्याच्या शिक्षणापेक्षा जास्त काळ पुरलं. (झटेचकाला चार वर्षांत प्रत्येक विषयात ए मिळाला आणि पुढे तो भूलतज्ज्ञ डॉक्टर झाला. लाइनची मुलं जाड डोक्याची असतात म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) क्वार्टरबॅक तिघे बदलले, तरी संघ हरला नाही. माझ्यासाठी १९९४ चं उत्तर हेच: क्वार्टरबॅक कोणीही चालला असता असं नाही, तर समोर ही लाइन होती म्हणून चाललं. ऑक्टोबरच्या अखेरीस कोलोरॅडोचा दुसऱ्या क्रमांकाचा संघ लिंकनला आला, ज्यात त्या वर्षीचा हाइसमन विजेता रशान सलाम होता. २४–७. मी स्टेडियममध्ये होतो. त्या दिवसापर्यंत मी बॉल पाहायचो. त्या दिवशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, नेब्रास्काच्याच एका शेतकऱ्याच्या मुलाने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, ७२ कडे बघ. मी उरलेला सामना ७२ कडेच पाहिला. समोरचा माणूस प्रत्येक खेळीत मागे सरकत होता. पडत नव्हता, सरकत होता; जड कपाट ढकलावं तसा. विगर्टचं पहिलं पाऊल सहा इंचांचं, कंबर खाली, हात आतून समोरच्याच्या छातीवर. सगळा खेळ त्या सहा इंचांत होता.

आता कुणी म्हणेल, मग १९९५ चं काय? विगर्टसह पाचपैकी चार लाइनमन गेले, फक्त मधला, म्हणजे सेंटर, ग्रॅहम उरला, आणि तरीही नव्या लाइनने सामन्यामागे ४०० यार्डांची वाट काढून दिली. माझीच कसोटी विगर्टवर उलटली की. प्रामाणिक उत्तर असं की हो, थोडी उलटते, आणि म्हणूनच तो दुसरा नाही, तिसरा आहे. पण त्या नव्या चौघांनी आदल्या वर्षी सरावात रोज विगर्टसारख्यांच्या मागे उभं राहून तेच पाऊल टाकलं होतं. ऑस्बोर्न सरावात एकाच वेळी अनेक तुकड्या खेळवायचे. बॉयड एपली यांनी १९६९ पासून उभी केलेली वजनांची खोली होती, आणि शंभराहून अधिक विनाशिष्यवृत्ती मुलं, बहुतेक नेब्रास्काच्या लहान गावांतली. राखीव खेळाडूला इथे दुसऱ्या संघांच्या मुख्य खेळाडूइतका सराव मिळायचा. एक माणूस जातो तेव्हा त्याची जागा भरून निघते ती त्यानेच घालून दिलेल्या सवयीमुळे. हे श्रेय कुठल्याच आकड्यात येत नाही, म्हणून मी ते इथे मोजतो.

चौथा ॲरन टेलर, त्या १९९५ च्या नव्या चौघांपैकी एक. टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सचा, जर्सी ६७. १९९६ मध्ये सेंटर म्हणून ऑल-अमेरिकन, १९९७ मध्ये गार्ड म्हणून, आणि त्याच वर्षी आउटलंड. दोन वेगळ्या जागांवर ऑल-अमेरिकन होणं किती अवघड आहे हे सेंटर खेळलेल्यालाच कळेल. सेंटरने बॉल मागे देतानाच ब्लॉक सुरू करायचा असतो, म्हणजे एका हाताने सुरुवात. गार्डला अनेकदा लाइन सोडून बाजूला पळत जाऊन हलत्या माणसाला आडवायचं असतं. विगर्ट आणि टेलर यांच्यात मी बरीच वर्षं टेलरला वर ठेवत होतो. कोलोरॅडोची टेप पुन्हा पाहिली आणि बदललं.

पाचवा ॲहमन ग्रीन. ओमाहाचाच मुलगा. १९९५ मध्ये पहिल्या वर्षी हजारावर यार्ड, १९९७ मध्ये १,८७७ यार्ड आणि २२ टचडाउन. ऑस्बोर्न यांच्या शेवटच्या सामन्यात, २ जानेवारी १९९८ ला, पेटन मॅनिंगच्या टेनेसीविरुद्ध २०६ यार्ड. नेब्रास्का ४२, टेनेसी १७. पुढे ग्रीन बे पॅकर्सच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड धावणारा तोच झाला, पण ते मी इथे मोजत नाही म्हणालोय, तर नाही मोजत. तो पाचवा का, वर का नाही? कारण नेब्रास्काच्या त्या लाइनमागे चांगले रनिंग बॅक बरेच चांगले दिसायचे. ग्रीन मात्र लाइन कमी पडली तिथेही खांदा घालून तीन यार्ड काढायचा.

आणि रनिंग बॅक म्हटलं की लॉरेन्स फिलिप्सवर बोलावंच लागेल. टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. नुसत्या टेपवर तो या यादीत तिसरा येतो. १९९४ मध्ये फ्रेझर नसताना सगळ्या बचावफळ्या फक्त त्याच्यासाठी उभ्या असायच्या, आणि तरी १,७२२ यार्ड. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याने आपल्या माजी मैत्रिणीला मारहाण केली आणि त्याला अटक झाली. ती याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. ऑस्बोर्ननी त्याला सहा सामने बाहेर ठेवलं आणि मग परत घेतलं. खेळ हीच त्या मुलाच्या आयुष्यातली एकमेव शिस्त आहे, ती काढून घेतली तर तो बुडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. फिएस्टा बाउलमध्ये तो सुरुवातीपासून खेळला, १६५ यार्ड धावला. पुढे आणखी हिंसाचार, आणखी गुन्हे, आणि जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मृत्यू.

तो परत मैदानावर आला त्या दिवशी स्टेडियममध्ये टाळ्या वाजल्या, आणि त्यात माझ्याही होत्या. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, संघ जिंकत होता, आणि त्या मुलीचा विचार माझ्या मनात आलाही नाही. आज माझी मुलगी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. ऑस्बोर्न यांचा हेतू खरा होता असं मी मानतो. तरी त्या निर्णयात जिला मारलं तिचं स्थान सगळ्यांत शेवटी होतं, आणि ते चुकीचं होतं. फिलिप्सला मी क्रमांक देत नाही. त्याने काय केलं ते लपवत नाही, खेळातलंही आणि बाहेरचंही. पण महान या शब्दाखाली त्याचं नाव माझ्या हातून लिहिलं जात नाही. आणि कसोटीचं म्हणाल तर त्याच्याविना ते सहा सामने संघ आरामात जिंकला.

सहावा ट्रेव्ह ॲल्बर्ट्स. या पाच वर्षांत त्याचा एकच हंगाम येतो, १९९३, नाहीतर वर गेला असता. बटकस ट्रॉफी, देशातला सर्वोत्तम लाइनबॅकर. फ्लोरिडा स्टेटविरुद्धच्या त्या ऑरेंज बाउलमध्ये जखमी कोपर बांधून उतरला आणि हाइसमन विजेत्या चार्ली वॉर्डला तीनदा पाडलं. बचावाच्या नव्या मांडणीवर टीका करणाऱ्यांची तोंडं त्या रात्री बंद झाली, सामना हरूनसुद्धा.

सातवा स्कॉट फ्रॉस्ट, आणि इथे नेब्रास्कातले माझे मित्र भांडतील. २०१८ ते २०२२ मध्ये प्रमुख प्रशिक्षक म्हणून तो अपयशी ठरला, आणि त्या रागात लोक खेळाडू फ्रॉस्टला विसरले. वुड रिव्हर या छोट्या गावचा मुलगा, आधी स्टॅनफर्डला गेला म्हणून इथे अनेकांना खुपला. परत आला तर फ्रेझरची जागा भरायची होती. ॲरिझोना स्टेटचा तो १९–० चा पराभव त्याच्या माथी. १९९७ मध्ये घरच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली. त्याच हंगामात त्याने धावून हजारावर आणि पासने हजारावर यार्ड केले. ८ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्ध शेवटच्या क्षणाला त्याचा पास शेव्हिन विगिन्सच्या पायाला लागून उडाला आणि पहिल्या वर्षाच्या मॅट डेव्हिसनने तो जमिनीपासून बोटभर वर झेलला. ती खेळी सगळे नशीब म्हणून सांगतात. पण त्यानंतरच्या जादा वेळेत बॉल घेऊन स्वतः आत गेला तो फ्रॉस्ट, ४५–३८. ज्यांनी हुर्यो केली त्यांच्यासमोर संपूर्ण वर्ष न हरता खेळणं याची किंमत मी जास्त धरतो. त्या वर्षीचं विजेतेपद वाटून गेलं: प्रशिक्षकांच्या मतदानात नेब्रास्का पहिलं आलं, पत्रकारांच्या मतदानात मिशिगन.

आठवा एड स्टुअर्ट, शिकागोचा, सेफ्टी म्हणून आला आणि लाइनबॅकर झाला. वर सांगितलेला बदल एका माणसात पाहायचा तर तो हाच. १९९४ च्या बचावाचा मेंदू. नववा जेसन पीटर, बचावातला मधला टॅकल, ज्याच्यावर दोन-दोन माणसं लावावी लागायची म्हणून विस्ट्रमला एकच माणूस मिळायचा. जॅरेड टोमिच शिष्यवृत्तीविना येऊन ऑल-अमेरिकन झाला, आणि त्याला दहांत बसवता आलं नाही याचं मला वाईट वाटतं. श्लेसिंगरचंही तसंच.

दहावा ब्रुक बेरिंजर. आकड्यांवर भांडायचं तर मी हरेन. कॅन्ससमधल्या गुडलंडचा, जर्सी १८. १९९४ मध्ये फ्रेझरच्या जागी आला, फुफ्फुस बसलं तरी परत उभा राहिला, कोलोरॅडोला हरवलं. १९९५ मध्ये फ्रेझर बरा झाला आणि बेरिंजर पुन्हा बाकावर गेला, देशातल्या बहुतेक संघांत तो पहिला क्वार्टरबॅक असता तरी. एक शब्द कुरकुरला नाही. १८ एप्रिल १९९६ ला, एनएफएल ड्राफ्टच्या दोन दिवस आधी, लहान विमान चालवताना लिंकनजवळ अपघातात गेला. मी तेव्हा प्रबंध लिहीत होतो. ग्रंथालयात कोणीतरी येऊन हळू आवाजात सांगितलं आणि टेबलावरचे आम्ही सगळे उठून बाहेर गेलो. स्टेडियमपाशी ऑस्बोर्न यांचा पुतळा आहे, त्यांच्या शेजारी १८ नंबरची जर्सी घातलेला बेरिंजर आहे. तिथे उभा राहण्याचा मान हाइसमन मिळवणाऱ्या कोणाला नाही मिळाला, त्याला मिळाला.

तुम्हाला हा क्रम स्वतः तपासायचा असेल तर मायामीविरुद्धचा चौथा क्वार्टर लावा. श्लेसिंगरच्या दोन्ही टचडाउनच्या खेळ्या तीन-तीनदा पाहा. पहिल्यांदा बॉल पाहा. दुसऱ्यांदा फ्रेझर आत असल्यामुळे कडेचे दोघे कसे जागीच खिळलेत ते पाहा. तिसऱ्यांदा बॉल हलायच्या आधी थांबवा, ७२ शोधा, आणि तिथून पुढे एकेक चौकट सरकवा.